दिव्यापुरती बाई

घर वसतिगृहाला द्यायचं ठरलं तेव्हा देवीला विचारलं होतं. सुमतीला कुणी विचारलं नव्हतं.

गिरगावातलं ते तीन मजली घर तेव्हा बरीच वर्षं रिकामं पडलं होतं. सासरचं सगळं कुटुंब सांताक्रूझच्या नव्या बंगल्यात राहायला गेलं, सुमतीही त्यांच्या सामानासोबत गेली. मागे उरली ती कोरीव कठड्यांवरची कबुतरं, रंगीत काचांची तावदानं आणि माजघराच्या भिंतीतली भगवती. काळ्या दगडाची, हातभर उंच. घर बांधतानाच तिला भिंतीत बसवलेलं, त्यामुळे भिंत पाडल्याशिवाय देवी हलत नव्हती आणि देवी हलल्याशिवाय घर विकलं जात नव्हतं. एक भटजी पगारावर येऊन सांजेचा दिवा लावून जायचा. एवढ्या मोठ्या घरात एकटीच ज्योत. तिला बघायला कुणी नाही, आडोसा धरायलाही कुणी नाही.

मग गोळीबाराचं वर्ष आलं. फ्लोरा फाउंटनला माणसं पडली, कर्फ्यू लागला, आणि कोकणातून, नाशकाकडून शिकायला आलेल्या मुलींना त्यांच्या नातेवाइकांनी भराभर गावी धाडून दिलं. पेटलेल्या मुंबईत परक्याची तरणी पोर सांभाळायची कुणी? मोठे दीर मनमोहन सॉलिसिटर होते, चार समित्यांवर होते. त्यांच्या मनात आलं की आपलं घर नुसतं पडून आहे, त्यात मुलींचं वसतिगृह काढावं. कल्पना चांगली होती. सुमतीचं दुखणं तिथेच होतं. वाईट गोष्टीशी माणसाला भांडता तरी येतं.

कौल लावायला सगळे गिरगावात जमले. दोन ओल्या कळ्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि कळी पडेपर्यंत विचारणाऱ्याने घराचा उंबरा ओलांडायचा नाही, ही या घराची रीत. मनमोहन सोवळं नेसून पाटावर बसले आणि कोर्टात बोलावं तसं स्पष्ट बोलले, की आई, हे घर शिकणाऱ्या मुलींना देतो, घरची बाई इथे राहून तुझा दिवा लावील, चालेल ना? एका दमात दोन गोष्टी. देवीने कोणत्या गोष्टीला हो म्हणायचं? पण उजवी कळी टपकन पडली. मनमोहनांची बायको राजलक्ष्मी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवत आली, आणि सुमतीपाशी तिचा हात जरा थबकला.

घरात बायका दोन होत्या. पण एकीला नवरा होता, मुलं होती, दारात गुलाबाच्या कुंड्या होत्या. दुसरीचा नवरा विशीत गेलेला. घरची बाई म्हणजे कोण, हे कुणाला उघड सांगावं लागलं नाही. ट्रस्टच्या कागदातही तसंच आलं: घरची बाई राहून दिवा लावील तोवर वसतिगृह, नाहीतर घर परत कुटुंबाकडे.

सुतार आले, रंगारी आले. दिवाणखान्यात झुंबराच्या हुकाला पंखा लटकला. लाकडी फळ्यांच्या आडभिंती घालून एकेका दालनाच्या तीन-तीन खोल्या झाल्या, दारांवर पांढऱ्या रंगाने आकडे पडले. सासूबाई ज्या झोपाळ्यावर बसून सुनांच्या चुका मोजायच्या त्याच्या कड्यांना मुलींनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली. सुमतीच्या नवऱ्याने ज्या खोलीत डोळे मिटले ती खोली चार नंबरची. त्या खोलीतून पहिल्यांदा हसण्याचा लोट बाहेर आला तेव्हा सुमती जिन्यात होती. तिने कठडा धरला, आणि मग तिलाही हसू आलं. ते हसू तिने पदरात पुसलं.

मुलींवर तिचा जीव जडला, हेही खरंच. तिला त्या बाई म्हणायच्या. रात्रीच्या जेवणाची घंटा ती द्यायची, कुणाचं डोकं दुखलं तर सुंठ उगाळायची, गॅलरीतून मोर्चाला घोषणा देणाऱ्या पोरींना आत ओढायची आणि स्वतः मात्र पडद्याआडून मोर्चाची शेवटची टोपी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. मुंबई कुणाची, म्हणून सगळा रस्ता गर्जायचा. सुमती दिवेलागणीच्या आत कुठेही असली तरी घरात असायची. प्रभादेवीला मावसबहीण होती, तिच्याकडे केळवणाला गेली तर पानावरून उठून आली. दिवा कुणासाठी थांबत नाही. स्वयंपाकीण गंगुबाई जात्यावर बसायच्या वयापासून गुणगुणत आलेली बाई, भाकऱ्या थापता थापता म्हणायची,

पान वेलीचं गं बाई, कुणी वेलीशी बांधलं,
वाऱ्यानं हाक दिली, देठ जाग्याशी थांबलं.

एकदा डहाणूकडच्या राधाबाई वसतिगृह बघायला आल्या. तिकडे रानातल्या पाड्यांवर त्यांनी लहान मुलांची शाळा काढली होती. मुदपाकखान्याच्या ओट्यावर गंगुबाईच्या नातवंडांना सुमती गाण्यातून महिने शिकवत होती, ते त्या दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या. मग विचारलं, शिक्षण किती? सुमती म्हणाली, व्हर्नाक्युलर फायनल, माहेरी असताना. राधाबाई म्हणाल्या, मला तुमच्यासारखी बाई हवी आहे, जूनमध्ये शाळा उघडते, याल का?

याल का. एवढ्या वर्षांत तिला लोकांनी ये म्हटलं होतं, जा म्हटलं होतं, रहा म्हटलं होतं. याल का, असं कुणी म्हटलं नव्हतं.

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मेमध्ये मुली घरी गेल्या, घर पुन्हा ओकंबोकं झालं, आणि तिच्या मनात ते दोन शब्द घागरीतल्या पाण्यासारखे डुचमळत राहिले. कौलाने बांधलेलं कौलानेच सुटेल, असं तिने ठरवलं. भटजीला बोलवावं तर तो आधी सांताक्रूझला फोन करील. तेव्हा तिने गंगुबाईला सांगितलं. गंगुबाई मालवणकडची, नवरा परळच्या गिरणीत. गाऱ्हाणं घालणं तिच्या रक्तात. ती पदर खोचून देवीपुढे उभी राहिली आणि गावच्या देवळात घालावं तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"व्हय गे आई भगवती, ह्या घरची सून तुझ्या पायाशी उभी आसा. तिका भायर जावचा आसा. वाट आसात तर मोकळी कर. वाट नसात तर तसा सांग. पण सांग गे आई, गप रवू नको."

"व्हय म्हाराजा," सुमती म्हणाली. तिथे दुसरं कुणी म्हणायला नव्हतं.

कळ्या तिने स्वतःच्या हाताने लावल्या. गंगुबाई दुपारची घरी निघून गेली. सुमती समोर बसून राहिली. संध्याकाळ झाली, दिवा लागला, कळ्या जागच्या जागी. सकाळी गंगुबाई आली तरी कळ्या जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी त्या वाळून तपकिरी झाल्या, पण हालल्या नाहीत. गंगुबाईने जवळ जाऊन नाक लावलं आणि कपाळाला हात मारला.

"बाईनू, गंधान लावलात?"

सुमतीने होकारार्थी मान हलवली. पंख्याच्या वाऱ्याने कळी पडली तर तो देवीचा कौल होणार नाही, वाऱ्याचा होईल, अशी तिला धास्ती होती. म्हणून पाण्याऐवजी तिने चंदनाचं गंध घेतलं होतं, चांगलं दाट उगाळलेलं.

"पाण्यान लावतत कळे. गंधान कपाळ रंगवतत," गंगुबाई म्हणाली. "आता देवी तरी काय करतली? तिचे हात तुम्हीच बांधलात."

एकदा लावलेल्या कळीला विचारणाऱ्याने हात लावायचा नाही. आणि पडेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. सुमतीने स्वतःच्या दाराला स्वतःच चंदनाचं कुलूप लावून घेतलं होतं. भाजीवाला खालून हाक मारायचा आणि ती दोरीने टोपली सोडायची. हिंदमाताजवळच्या दुकानातून मुलींच्या खोल्यांसाठी पडद्याचं कापड आणायचं होतं, ते राहिलं. गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून ती खालचा रस्ता बघायची. मोर्चावाल्या समितीची पोरं समोरच्या भिंतीवर चुन्याने अक्षरं काढत होती. एक अक्षर चुकलं म्हणून त्यांची जुंपली आणि मग सगळी मिळून चहाला गेली. किती सोपं होतं त्यांना चहाला जाणं.

जूनमध्ये मुली परत आल्या. बातमी लपली नाही. दोन दिवसांत तेराव्या खोलीपर्यंत सगळ्यांना कळलं की बाईंनी कौल लावलाय आणि तो अडलाय. काही जणी माजघरावरून चवड्यांवर चालू लागल्या. एका आगाऊ पोरीने मुद्दाम दार आपटलं, म्हणाली, बाईंना मदत करते. सगळं घर हसलं. सुमतीही हसली. पण बाई गेल्या तर वसतिगृह बंद, हे गंगुबाईच्या तोंडून निसटलं, आणि मग कुणी हसेना. कुणी दारही आपटेना.

सगळ्यांत गप्प झाली ती कौसल्या. लालबागची, गिरणीतल्या जॉबर कुशाबाची मुलगी. त्यांच्या खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची. एक उठला की त्याच्या ऊबदार सतरंजीवर दुसरा आडवा. तिथे पुस्तक उघडायला जागा माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांमध्ये. ती इंटर सायन्सला होती, पुढे डॉक्टरीला जायचं म्हणत होती. बाप वसतिगृहाला हो म्हणाला तो एकाच बोलीवर: तिथे घरंदाज बाई राखण आहे. घरी परत आली तर काय होणार, हे तिला माहीत होतं. चिपळूणकडचा मुलगा बघून ठेवलेला होता. मुलगा बरा होता म्हणे, हातात घड्याळ बांधायचा.

राधाबाई दादरला भावाकडे येऊन उतरल्या होत्या. त्यांनी माणसाकरवी निरोप धाडला, की उद्या पहाटे निघते आहे, यायचं असेल तर आज रात्री मुक्कामाला या. नाही आलात तर मला दुसरी बाई बघावी लागेल, राग मानू नका. सुमतीने ट्रंक भरली. दोन लुगडी, पोलकी, माहेरची एक वाटी. भरून बसली. कळ्या देवीच्या खांद्यांवर तशाच, जणू दगडालाच फुटलेल्या.

दुपारी तिचा डोळा लागला. उठली तेव्हा माजघरात कुणीतरी होतं. कौसल्या देवीपुढे गुडघ्यांवर बसली होती, हातात ओला बोळा. सुमतीची चाहूल लागली तरी ती उठली नाही.

"काय केलंस?"

"डावी भिजवायला आले होते," कौसल्या म्हणाली. "डावीच."

"मग?"

"मग उजवी पण भिजवली." तिने बोळा घट्ट पिळला, पाणी तिच्या परकरावर सांडलं. "एकच भिजवली असती तर मी तुमची चोर झाले असते. आता काय होईल ते तिचं ती बघेल."

सुमती तिच्याशेजारी खाली बसली. विचारणाऱ्याने हात लावायचा नाही अशी रीत होती. दुसऱ्या कुणी लावला तर काय, याबद्दल रीतीत काही नव्हतं. कदाचित या घरात असं कधी कुणी केलंच नसेल, दुसरीची कळी भिजवणं. दोघी बघत राहिल्या. गंध विरघळलं, देवीच्या दंडावरून पिवळा ओघळ आला. कौसल्याचा श्वास वर-खाली होत होता. सुमतीला वाटलं, हिचा हात धरावा. पण आत्ता धरलेला हात कुणाच्या बाजूचा?

उजवी कळी घसरली, कोपरापाशी अडली, आणि पडली.

कौसल्याने ती उचलली आणि सुमतीच्या ओंजळीत ठेवली. नियमाप्रमाणे वाकून नमस्कार केला. उठताना तिचे ओठ दाबलेले होते. "मी तुमची ट्रंक खाली नेते," एवढं म्हणून ती गेली.

त्याच दिवशी वर्षारंभाची पाहणी करायला मनमोहन येणार होते. ते आले, सोबत राजलक्ष्मीही आली, मुलींना द्यायला घरच्या गुलाबांची परडी घेऊन. त्यांना परतायची घाई होती, कारण चौपाटीवर समितीची सभा होती आणि रस्ते बंद व्हायच्या आत गाडी काढायची होती. दाराशी ट्रंक बघून मनमोहनांनी विचारलं, कुठली मुलगी चालली? सुमतीने सगळं सांगितलं. राधाबाई, शाळा, कौल. 

मनमोहन रागावले नाहीत. ते माजघरात येऊन पाटावर बसले, चष्मा काढून पुसला.

"देवीने जा म्हटलं?"

"हो, भावोजी."

"मग मी कोण अडवणारा? जा. फक्त एक सांग, मुलींचं काय करायचं ते विचारलंस का तिला?"

सुमतीची नजर जिन्याकडे गेली.

"कापडाच्या गोदामासाठी लोक माझ्याकडे खेटे घालतायत. मी त्यांना काय सांगतो? मुली आहेत म्हणून सांगतो. उद्या तू नसलीस की ट्रस्टच्या अटीप्रमाणे घर परत आमचं. भाऊबंद मला गप्प बसू देतील?" त्यांनी चष्मा चढवला. "तू सुटशील गं. त्यांनी कुठे जावं, तेवढं तूच सांगून जा. मला पोरींसमोर उभं राहायला जमायचं नाही."

जिन्यात मुली उभ्या होत्या. एवढ्या मुली, आणि एका बांगडीचा आवाज नाही.

सुमतीच्या मनात त्या क्षणापर्यंत नसलेली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर पडली. "अट घरच्या बाईची आहे, भावोजी. माझ्या नावाची नाही. वहिनीही घरच्या बाईच आहेत."

राजलक्ष्मीच्या हातातली परडी कलली. मनमोहन हसले, मोठ्याने, मनापासून. म्हणाले, ही? हिला बंगला कोण बघेल? हिला तर सांताक्रूझहून गिरगावचा रस्तासुद्धा ड्रायव्हर दाखवतो.

"रोज संध्याकाळी येईन," राजलक्ष्मी म्हणाली.

तिने ते इतकं हळू म्हटलं की मनमोहनांनी काय, म्हणून विचारलं. तिने परडी खाली ठेवली आणि पुन्हा म्हटलं. शनिवार-रविवार इथेच राहीन. मला मुलींबरोबर बरं वाटतं. मग देवीकडे बघत, नवऱ्याकडे न बघता म्हणाली, आजचा दिवा मी लावते.

मनमोहन उठले. धोतराचा सोगा झटकला. "बघू," म्हणाले.

बघू. होही नाही आणि नाहीही नाही. सासऱ्यांनी सुमतीच्या पुढच्या शिक्षणाचं बघू म्हटलं होतं, सासूबाईंनी माहेरी जाण्याचं बघू म्हटलं होतं, आणि त्या दोघांनाही जाऊन वर्षं झाली तरी ते शब्द अजून या घराच्या तुळयांना वटवाघळांसारखे लटकलेले होते. "बघू, पुढच्या महिन्यात बैठक घेऊ. आत्ता चल, रस्ते बंद होतील," असं बायकोला म्हणून ते खाली गाडीत जाऊन बसले.

राजलक्ष्मी गेली नाही. तिने देवीला कुंकू लावून बोट पुसलं, समई पुढे ओढली. "सुमती, तू नीघ," ती म्हणाली. "मी लावते ना. नीघ तू, मागे बघू नकोस."

सुमती जिना उतरली. मुली दोन्ही बाजूंना सरकल्या. कुणी पदराला हात लावला, कुणी पायाला. दाराशी ट्रंकेजवळ कौसल्या उभी होती. सुमतीने उंबरा ओलांडला. इतक्या दिवसांनी तळपायाला फरशीची ऊब लागली, आणि रस्त्याचा सगळा गलका एकदम अंगावर आला. चौपाटीकडे माणसांचा लोंढा चालला होता. बायकासुद्धा होत्या, कडेवर मुलं घेऊन, घोषणा देत, कुणाला न विचारता. त्यांच्यात एक पाऊल टाकलं की झालं, लोंढाच वाहून नेईल.

वर माजघराच्या खिडकीत उजेड हलला. राजलक्ष्मीने दिवा लावला होता.

मनमोहनांनी हॉर्न दिला.

सुमती पायरीवर थांबली. तिने ट्रंकेची कडी धरली, पण उचलली नाही. जाऊबाईने आज खाली यायचं नाही. एवढंच. आज एका हॉर्नला ती आली नाही तर उद्याच्या दिव्याला वाट आहे, मुलींना छप्पर आहे, आणि सुमतीला हा रस्ता आहे. आली, तर बघू म्हणजे नाही. आणि मग गोदाम.

हॉर्न पुन्हा वाजला. लांबलचक. लोंढ्यातल्या कुणीतरी गाडीच्या टपावर थाप मारून ओरडलं, की साहेब, आज मुंबई चालत जाणार, तुम्ही पण उतरा. लोक हसले. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, आणि या वेळी थांबलाच नाही.

जिन्यात पावलं वाजली. जोडव्यांची पावलं. घाईघाईने, एकेक पायरी चुकवत.

राजलक्ष्मी दारात आली. तिच्या केसांना धुराचा वास होता. तिने सुमतीकडे बघितलं नाही. काड्यापेटी तिच्या मुठीतच राहून गेली होती, ती तिने सुमतीच्या हातात दिली, म्हणाली, "उद्या..." आणि गाडीकडे वळली. गाडीचं दार उघडलं, मिटलं. लोंढ्याने गाडीला वाट दिली.

सुमती ऊन फरशीवर उभी होती. काड्यापेटी तिच्या तळहातात, जराशी ओलसर. रस्ता मोकळा होता, कौल उजवा होता, पाय धड होते. तिने मान वर करून खिडक्या बघितल्या. प्रत्येक खिडकीत चेहरे होते आणि एकही चेहरा थांबा म्हणत नव्हता. म्हटलं असतं तर कदाचित ती गेली असती.

ती वळली. उंबरा ओलांडून आत आली. कौसल्याने तिच्याकडे बघितलं, मग घाईने वाकून ट्रंकेची कडी धरली, वर न्यायला.

"ती नको उचलू," सुमती म्हणाली.

"वर नको?"

"नको. राहू दे तिथेच, दाराशी. येता-जाता कुणाला अडचण झाली तरी हलवायची नाही, सगळ्यांना सांग."

आणि ती दिव्यात तेल आहे का बघायला जिना चढू लागली.